घरातल्या घरात अंतराळ : लहान मुलांसोबत केलेले हात बरबटायचे खेळ, तुमचे अनुभव लिहा

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि सध्या घरात फक्त रॉकेट. आंघोळीचा मग रॉकेट, चप्पल रॉकेट, मी लाँचपॅड. म्हटलं हा नाद लागलाच आहे तर काहीतरी करूया, म्हणून मागच्या आठवड्यात सेन्सरी बिन केला, म्हणजे साध्या भाषेत हात घालून चिवडायचा टब. एक वाटी तांदळाला चमचाभर व्हिनेगर आणि काळा फूड कलर, पिशवीत घालून खळखळ हलवलं, रात्रभर पेपरवर वाळवलं, असं चार वेळा, मग त्यात फॉइलचे गोळे, चकचकीत बटणं आणि एक मोठा डाव. एवढं करून साहेब किती खेळले तर सात मिनिटं. मग तांदूळ जमिनीवर ओतले, रिकाम्या टबात स्वतः बसला आणि टेन नाईन एट सुरू. तर तुम्ही काय केलंत, काय टिकलं, काय फसलं ते लिहा, फसलेलं तर नक्कीच लिहा.

*

सात मिनिटं म्हणजे चांगलीच की! माझी मुलगी पहिल्या वेळी नुसतं बघून निघून गेली होती.

आमच्याकडे टिकलेला एकच खेळ, चंद्राची माती. ८ वाट्या मैद्याला १ वाटी तेल, हातानं चोळत राहायचं, मुठीत दाबलं की मूद पडते आणि बोटानं ढोसलं की भसकन फुटते. बऱ्याच ठिकाणी बेबी ऑइल सांगतात पण तोंडात घालायची सवय असेल तर साधं खायचं तेलच बरं, आणि कच्चा मैदासुद्धा चाटायची वस्तू नाही, त्यात जंतू असू शकतात, त्यामुळे मी समोरून उठत नाही. हे झालं की उरलेला कोरडा मैदा खोल ट्रेमध्ये सपाट करायचा, वर गाळणीनं कोको पावडरचा पातळ थर द्यायचा आणि उभं राहून वरून लिंबाएवढा दगड सोडायचा. धप्प! मध्ये खड्डा, कडेला उंचवटा, आणि आतला पांढरा मैदा कोकोवर चारी बाजूंना पट्ट्यांसारखा उडालेला. चंद्रावरच्या टायको विवराचे पट्टे असेच दिसतात, ते विवर ८५ किलोमीटर रुंद आहे आणि पौर्णिमेला साध्या दुर्बिणीतूनही पट्टे ओळखू येतात.

पण सांगायचं ते वेगळंच. पहिला खड्डा पडल्यावर ती एकदम गप्प झाली, म्हणाली चंद्राला बाऊ झाला, आणि वाकून फुंकर घातली. अर्थात खड्डा बुजला आणि कोको तिच्या पापण्यांवर. मग मला आपसूक सांगता आलं की खऱ्या चंद्रावर फुंकर घालायला हवाच नाही, म्हणून तिथले खड्डे बुजत नाहीत आणि १९६९ साली माणसं चालली त्यांच्या बुटांचे ठसेही तिथेच आहेत. तिला किती कळलं देव जाणे, पण त्यानंतर दोन दिवस ट्रेजवळ तोंड दाबून बसत होती.

*

मी आजोबा आहे, नात पावणेपाच वर्षांची. वरच्या ताईंचा मैदा वाचून राहवलं नाही. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलं, त्यानंतर विक्रम लँडरवरच्या एका उपकरणाने मातीत टोचून तापमान मोजलं होतं. पृष्ठभागावर सुमारे ५० अंश सेल्सियस आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास. ८ सेंटिमीटर म्हणजे केवढं, तर नातीचा हात अर्ध्या तळव्यापर्यंत गेला तेवढं. चंद्राची वरची माती इतकी भुसभुशीत की उष्णता खाली फारशी उतरत नाही.

मग आम्ही तेच केलं. चाळून, धुऊन, कडक वाळवलेली वाळू, अर्धी डब्यात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये, अर्धी दुपारी उन्हात कोमट केलेली. आधी स्वतःचा हात घालून बघावा, फार गार किंवा फार गरम नको. गार थर खाली, कोमट वर, आणि लगेच हात खुपसायला सांगायचं. तिने हात झटक्यात बाहेर काढला आणि म्हणाली, आजोबा, चंद्राच्या पोटात फ्रिज आहे. हळूहळू गार-कोमट फरक कमी होत जातो, तेव्हा वेळ घालवू नये. फ्रीझरमध्ये वाळू सापडल्यावर आमच्या घरात काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

*

आकाशगंगेची बाटली, म्हणजे रंगीत पाणी आणि चमकी भरलेली बाटली, करणार असाल तर झाकण गमने चिकटवा. चिकटवा म्हणजे चिकटवाच. दोन वर्षं झाली, अजून सोफ्यातून चमकी निघते.

*

माझ्या मुलाला हाताला काही लागलेलं चालत नाही, साधा डिंक लागला तरी रडून गोंधळ, त्यामुळे वरचं सगळं वाचून आधी थोडं वाईटच वाटलं कारण आमच्याकडे मैदा काढला की तो खोलीबाहेर जातो. आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडमनी सांगितलं होतं की हात धरून कशात बुडवायचा नाही, त्याला जेवढं चालेल तिथूनच सुरुवात. म्हणून झिपची जाड पिशवी घेतली, त्यात हेअर जेल, थोडा निळा-काळा रंग, फोमच्या चांदण्या, हवा काढून बंद केली आणि कडेला पॅकिंगची टेप दुहेरी मारून खिडकीच्या काचेला चिकटवली. मागून उजेड येतो, बोटानं चांदणी ढकलली की जेलमधून सावकाश सरकते, हात कोरडे. पहिले तीन दिवस लांबूनच बघत होता, चौथ्या दिवशी एका बोटानं. आता महिन्याभराने मैद्यापर्यंत आलोय पण हातमोजे घालून आणि चिमट्याने, आणि ते उलट भारी जमलंय, कारण अंतराळवीरही मोजे घालूनच दगड उचलतात आणि चिमटा वापरतात, त्यामुळे त्याचंच बरोबर आणि बाकीच्यांचं चूक असं त्याचं म्हणणं आहे. ज्यांच्या मुलांना असं होतं त्यांनी जवळ ओला टॉवेल ठेवा, हात पुसायला मिळणार हे दिसत असलं तरी मूल निवांत राहतं.

*

जरा कडू बोलते, राग मानू नका. पहिल्याच पोस्टमधली चकचकीत बटणं काढून टाका. साधी चाचणी, टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती लहान मुलाच्या हातात नको. आणि ग्रह म्हणून ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी कोणी आणू नका, गिळले तर आतड्यात फुगून बसतात आणि एक्सरेत सहसा दिसतही नाहीत. लुकलुकणारे छोटे दिवे आणाल तर बॅटरीचं झाकण स्क्रूचं हवं, बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजतं. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल, वाट बघायची नाही.

*

फसलेलं मागितलंत म्हणून. परग्रहावरचा चिखल, २ वाट्या कॉर्नफ्लोअर १ वाटी पाणी. बुक्की मारली की दगड, हळू बोट घातलं की पातळ, मुलांपेक्षा मीच जास्त खेळलो. मग शहाणपणा करून सगळं बेसिनमध्ये ओतलं. पुढचे दोन दिवस भांडी बाथरूममध्ये घासत होतो. ते ओतायचं नाही, ट्रेमध्येच वाळू द्यायचं, पोपडे निघतात, ते कचऱ्यात. फरशीवर सांडलेलंही ओलं असताना पुसू नका, पसरतच जातं.

दुसरा खेळ पसारा न करणारा, बादलीत ग्रह तरंगवणे. पाण्याची घनता १ धरली तर शनीची त्यापेक्षा कमी आहे, ०.६९, आणि पृथ्वीची ५.५. म्हणून हलका प्लॅस्टिकचा चेंडू शनी, त्याला फोमच्या चकतीची कडी, आणि पृथ्वी म्हणजे दगड. आकार मात्र बरोबर ठेवा, शनी मोठा, पृथ्वी पिटुकली. मोठा तो तरंगतो आणि छोटी ती बुडते हे काही केल्या माझ्या मुलीला पटेना, दगड काढून पुन्हा टाकणं असं किमान वीस वेळा झालं.

बर्फही चालतो, वाडग्यात खेळण्यातला मासा घालून पाणी गोठवायचं, तो गुरूचा चंद्र युरोपा. वर बर्फ आणि खाली समुद्र असावा असा तिथला अंदाज आहे. मासा बिसा अजून कुणाला सापडलेला नाही, ते आमच्या पदरचं. ड्रॉपरने कोमट पाणी सोडत बसते, अर्धा तास शांतता.

*

सगळ्यांचे खूप आभार. बटणं काढली ताई, राग कसला, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल मैदा-कोको केलं. दगड दोनदाच टाकला, मग चप्पल आणली आणि ठसे उमटवले, टबात बसून, पस्तीस मिनिटं. चप्पल धुतली होती, विचारू नका. आता चार वाट्या काळे तांदूळ उरलेत त्यांचं काय करू सांगा, दोनदा वाळवूनही हात काळे होतातच आहेत.