कोल्हापूरकरांचा अनुभव धागा: इंग्रजीत दोन वाक्यांचं एक करताना

दहावी-बारावीला 'नो सूनर... दॅन', 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' सगळ्यांनीच घोकलंय. पण अर्ज, ईमेल, रिपोर्ट लिहिताना वाक्यं जोडायची म्हटलं की ती घोकंपट्टी कामाला येत नाही. तुम्ही काय करता? सविस्तर लिहा.

राजारामपुरी, शिकवण्या घेते
मुलं हमखास लिहितात, 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू रंकाळा.' मराठीत जरी-तरी जोडीनं येतात, म्हणून ऑलदोच्या मागं बट येतंच. बिकॉजच्या मागं सो येतं तेही तसंच. मी ते वाक्य फळ्यावर लिहिते आणि दोन्हींतला कुठलाही एक शब्द पुसायला पोरांनाच बोलावते. कुठलाही पुसला तरी वाक्य नीट राहतं. हे डोळ्यांनी बघितलं की मग सांगावं लागत नाही.

शिरोली एमआयडीसी, फाउंड्रीत क्वालिटीला
आमच्याकडं नवीन पोरं रिपोर्टात लिहितात, 'आफ्टर चेकिंग द कास्टिंग, ब्लोहोल्स वेअर फाउंड.' (कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, ब्लोहोल म्हणजे त्यात हवेनं राहिलेली पोकळी.) दिसायला आटोपशीर, पण चेकिंग केलं कुणी? ब्लोहोल्सनी? 'कास्टिंग तपासून ब्लोहोल सापडले' हे मराठीतही खटकतंच की. मी लिहायला लावतो, 'वुई चेक्ड द कास्टिंग अँड रिजेक्टेड इट बिकॉज इट हॅड ब्लोहोल्स.' शब्द वाढले तर वाढू देत. माल का परत गेला हे गिऱ्हाइकाला एका वाचनात कळलं पाहिजे. आधी दोन वाक्यांचं नातं ठरवायचं: कारण आहे, विरोध आहे, की नुसतं एकामागून एक घडलं. जोडणारा शब्द त्यानंतर शोधायचा. माझ्या मते सगळं व्याकरण इथंच आहे.

कळंबा
स्वल्पविरामाचंही बघा. 'माय ब्रदर, हू लिव्ज इन पुणे, इज अ डॉक्टर' म्हणजे भाऊ एकच. स्वल्पविराम काढले की 'अनेक भावांतला पुण्याचा' असा अर्थ निघू शकतो. वारसाच्या कागदपत्रात हे फार महत्त्वाचं.

शाहूपुरी, स्पर्धा परीक्षा
'टू टायर्ड टू वॉक' यात नकार आधीच आहे, नॉट घालायचा नाही. 'सो टायर्ड दॅट' केलं की मात्र 'ही कॅनॉट वॉक' लिहावंच लागतं.

सीबीएसजवळ
नो सूनरला दॅन, हार्डलीला व्हेन. आणि क्रियापद उलटं: 'नो सूनर हॅड द बस स्टॉप्ड दॅन वी गॉट डाऊन.' शिरोलीवाल्या दादांचं पटलं, पण परीक्षेत हे पाठच लागतं.