केंद्रप्रमुख सरांचा सेवागौरव: गौरव अंक, मानपत्र आणि ठेव कशी करावी?

माणदेशी_माजी विद्यार्थी
दहिवडी भागातले आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे (केंद्राचे) प्रमुख, ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख. मेंढरांमागे बाहेर पडणाऱ्या घरांची पोरं आजी-आजोबांकडे ठेवायला लावून त्यांनी शाळेत टिकवली, हे सगळा तालुका जाणतो. समितीच्या मनात त्याच दिवशी जाहीर सत्कार, ९६ पानांचा गौरव अंक, मानपत्र, सोन्याची अंगठी आणि उरलेल्या पैशांतून मुलांसाठी बक्षीस असं आहे. सगळं मिळून अडीच लाखांत बसवायचंय. जाणकारांनी सांगावं.

कृष्णाकाठ
आधी तारीख बदला. १ जूनचा जन्म असला की सेवा ३१ मे रोजी संपते, म्हणून आपल्याकडे मेअखेरीला निवृत्तीची रांग लागते. पण तेव्हा शाळांना सुट्टी. ज्या पोरांसाठी माणूस झिजला, तीच मांडवात नसतात.

दुसरं, ३१ मे रोजी सर सेवेतच आहेत. वर्तणूक नियमांप्रमाणे सेवेत असताना जाहीर सत्कार किंवा मानपत्र घ्यायला पूर्वपरवानगी लागते. निवृत्तीनिमित्त सहकाऱ्यांनी दिलेला साधा, घरगुती निरोप चालतो. म्हणून त्या दिवशी केंद्रातल्या शिक्षकांचं चहापान, शाल-श्रीफळ एवढंच ठेवा. जाहीर कार्यक्रम २२ सप्टेंबरला, कर्मवीर भाऊराव अण्णांच्या जयंतीला घ्या. मुलं शाळेत असतात आणि अंकालाही वेळ मिळतो. माण तालुक्यात त्या सुमाराला पाऊस असतो, तेव्हा मंडपापेक्षा मंगल कार्यालय बरं.

वर्गणी माजी विद्यार्थी आणि ग्रामस्थांनी गोळा करावी. केंद्रातल्या शिक्षकांच्या नावापुढे रकमा टाकून यादी फिरवू नका. ते नियमात बसत नाही आणि सरांनाही आवडणार नाही. समिती नोंदणीकृत नसेल आणि बक्षिसासाठी लोकांकडून पैसे घेणार असाल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढा. गणेश मंडळं काढतात तीच. पैसे कुणा एकाच्या खात्यावर घेऊ नका.

छापखाना_सातारा
अंकाबद्दल. डेमी आकारात १६ पानांचा एक फॉर्म (एकत्र छापून घडी घालायचा कागद), म्हणजे ९६ पानांचे बरोबर सहा. मजकूर ९८ वर गेला की दोन पानांसाठी जादा तुकडा लावावा लागतो, खर्च वाढतो. फोटो आतल्या मॅपलिथोवर, म्हणजे साध्या छपाईच्या कागदावर, काळपट येतात; आठ पानं आर्ट पेपरची घेऊन सगळे फोटो तिथेच टाका. व्हॉट्सॲपवर साधे पाठवलेले फोटो छपाईत फुटतात. मूळ प्रत मागवून ३०० डीपीआयला स्कॅन करा.

काही लेख श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टमध्ये) येतील, काही युनिकोडमध्ये. बदलून घेताना रफार आणि ‘कऱ्हाड’मधला र हमखास मोडतो. त्यामुळे मुद्रितं (प्रुफं) दोनदा तपासा, आणि दुसऱ्यांदा तपासणारा माणूस वेगळा असू द्या.

खरी अडचण मजकुराची. ‘सरांवर लेख द्या’ म्हटलं की तीसच्या तीस लेखांत ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय’ येतं आणि सर मात्र सापडत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येकाला प्रश्न पाठवा: कोणतं साल, कोणती शाळा, पट किती होता, सरांनी नेमकं काय केलं, पुढे काय झालं? मेंढपाळांच्या पोरांचं काम तर असंच लिहिलं गेलं पाहिजे. कोणत्या वस्तीवरची किती मुलं, कुणाच्या घरी राहिली, पुढे कितवीपर्यंत शिकली.

नेमणुकांचा क्रम सरांकडच्या सेवापुस्तकाच्या दुय्यम प्रतीवरून घ्या, आठवणीवरून नको. माजी विद्यार्थ्यांची नावं शाळेच्या जनरल रजिस्टरमधून (प्रवेशाच्या नोंदवहीतून), मुख्याध्यापकांच्या संमतीने. शाळांची जुनी शेरेबुकं चाळा. भेटीला आलेल्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी लिहिलेल्या चार ओळी पानभर स्तुतीपेक्षा मोलाच्या. शिष्यवृत्तीधारकांची यादी करताना ध्यानात ठेवा, २०१६-१७ मध्ये परीक्षा पाचवी-आठवीला गेली, त्याआधी चौथी-सातवीला होती. नाहीतर तक्त्यात घोळ होतो.

मानपत्र १५० ते २०० शब्दांचं, दोन मिनिटांत वाचून होईल असं. चौकटीला काचेऐवजी ॲक्रिलिक.

वाचनवेडी_वाई
अंगठीऐवजी ग्रंथतुला करा, दादा, म्हणजे सरांच्या वजनाइतकी पुस्तकं. पुस्तकांचं गाव भिलार, त्याच्या जिल्ह्यात ती शोभेलही. पण वजनावर पुस्तकं मागितली की दुकानदार न खपलेले जाडजूड ग्रंथ भरतात. वाडीवरच्या पहिली ते पाचवीच्या मुलांना पातळ, चित्रांची पुस्तकं लागतात. ती साधारण ८० ग्रॅमची धरली तरी ७० किलोत पावणेनऊशे होतात, सगळ्या केंद्राला पुरतील. यादी शिक्षकांकडून आधी घ्या. तराजूवर माणसाला चढवू नका; पारडं झुकतं, साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला धोका नको. वजन आधी करून पुस्तकं व्यासपीठावर मांडली तरी पुरे.

माणदेशी_माजी विद्यार्थी
ताई, अंगठी रद्द, कालच ठरलं. तारीखही २२ सप्टेंबर. आता मुलांच्या बक्षिसासाठी बँकेत ठेवायच्या ठेवीचं सांगा. एक लाख बाजूला निघतील.

कृष्णाकाठ
एक लाखाला साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ६,५०० रुपये. एवढ्यात दोन मुलांचं वर्षाचं साहित्य येतं, जास्त बक्षिसं वाटून पातळ करू नका. ठेव शाळा व्यवस्थापन समितीच्या नावावर, ठराव करूनच. व्याज ‘मुद्दलात जमा’ ठेवू नका. वर्षाला बचत खात्यावर येईल असा पर्याय घ्या. ठेवी विस्मरणात जातात त्या इथेच: मुख्याध्यापकांची बदली होते, पावती कपाटात राहते, ठेव आपोआप नूतनीकरण होत जाते आणि मुलांना काहीच मिळत नाही. ठेवीचा क्रमांक, बँक, मुदतीची तारीख आणि बक्षिसाचा निकष ठरावात लिहा, कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत पावतीची नोंद करा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.

निकष ‘पहिला नंबर’ नको. मेंढपाळ किंवा ऊसतोड कुटुंबातलं जे मूल वर्षभर शाळेत टिकलं, त्याला द्या. हजेरीपटावरून ठरवता येतं, वादही होत नाही.