बॅगेच्या कुलपाचा कोड बदलताना खुंटी 'टक्' झाली का बघा

मुलीच्या नव्या बॅगेच्या नंबरवाल्या कुलपाचा कोड बदलूनही ते जुन्या ०००लाच उघडतंय, असं इथे एकांनी विचारलंय. 'बटण दाबा आणि नंबर फिरवा' हे त्यांना मिळालेलं उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

आधी चाकांवर सध्याचाच नंबर हवा. तो नसेल तर कुलूप उघडं असूनही बाजूची बारीक खुंटी (म्हणजे तेच 'बटण') पूर्ण आत जात नाही. बॉलपेनच्या टोकाने ती 'टक्' आवाज होऊन आत अडकेपर्यंत दाबायची. नुसती दाबून सोडली की बाहेर येते आणि जुनाच कोड राहतो. तुमच्याकडे बहुतेक हेच होतंय. मग नवा नंबर लावून उघडायची कळ सरकवली की खुंटी आपोआप बाहेर उसळते. दोन-तीनदा तपासून बघा, पण चेनची टोकं कुलपात न अडकवता! बॅग भरून झाल्यावर हे प्रयोग नकोत.

टीएसए (अमेरिकेची विमानतळ सुरक्षा यंत्रणा) कुलपावरचं किल्लीचं भोक आपल्यासाठी नसतं. ती किल्ली अमेरिकेतल्या विमानतळ तपासणीवाल्यांकडे असते, दुकानदाराकडे मागून भांडू नका. त्या किल्ल्यांचे थ्रीडी प्रिंटसाठीचे आराखडे २०१५ सालीच इंटरनेटवर आले, त्यामुळे दागिने, कागदपत्रं हातातल्याच बॅगेत.

आणि कोड विसरलात तर फोडाफोडी कशाला? तीन चाकं म्हणजे ००० ते ९९९, एकूण १००० नंबर. कळ हलकी ओढून धरत एकेक फिरवत जा. टीव्हीसमोर बसून तासाभरात होतं.