राष्ट्रगीताचे ५२ सेकंद: देशभक्ती कुठे थांबते, राष्ट्रवाद कुठे सुरू होतो?

सह्यकडा (धागाकर्ता)
देशभक्ती आणि राष्ट्रवाद यांतला फरक व्याख्यांत शोधला की वाद शब्दांतच अडकतो. म्हणून एकच बाब घेऊ: चित्रपटगृहातलं राष्ट्रगीत. महाराष्ट्रात २००३ पासून ते खेळाआधी लावतात. ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभर सक्ती केली: गीत लावा, पडद्यावर तिरंगा दाखवा, सर्वांनी उभं राहा. ९ जानेवारी २०१८ ला त्याच न्यायालयाने सक्ती उठवली आणि गीत लावायचं की नाही हे चित्रपटगृहांवर सोडलं.

२०१६ चा आदेश यायच्या आधीच गोव्यात एका प्रेक्षकाला उठला नाही म्हणून मारलं होतं. त्याच्या मणक्याला इजा झालेली होती, त्याला उठताच येत नव्हतं. दिव्यांगांना सूट मिळाली ती नंतर, डिसेंबरात.

माझं मत: स्वतः उभं राहणं ही देशभक्ती. शेजारचा उठला का हे बघायला मान वळली, की राष्ट्रवाद सुरू.

भीमथडी
सोयीची व्याख्या आहे ही. चांगलं ते सगळं देशभक्तीच्या खात्यात आणि वाईट ते राष्ट्रवादाच्या? लोकमान्यांची चतुःसूत्री आठवा: स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण. यातला बहिष्कार शेजाऱ्याकडे मान वळवल्याशिवाय चालूच शकत नव्हता. विलायती कापड कोण विकतं, कोण नेसतं, यावर गावाचं लक्ष असायचं म्हणून तर १९०५ नंतर त्या चळवळीला धार आली. नुसत्या देशप्रेमाने इंग्रज गेले नसते. मराठी, बंगाली, तमिळ माणसाला ‘आपण एक राष्ट्र आहोत’ असं वाटायला लावणं हे राष्ट्रवादाचंच काम, आणि ते आजही पुरं झालेलं नाही.

सह्यकडा
बहिष्काराचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्याची किंमतही मोजू. वंगभंगाच्या चळवळीत रवींद्रनाथ ठाकूर सुरुवातीला पुढे होते, नंतर बाजूला झाले. स्वस्त विलायती कापड विकून पोट भरणाऱ्या गरीब दुकानदारावर जबरदस्ती होत होती, हे त्यांना सहन झालं नाही. पुढे १९१६ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या व्याख्यानांत त्यांनी राष्ट्रवादावरच कडक टीका केली. ज्या गीतासाठी मारहाण होते ते त्यांचंच आहे.

भीमथडी
ठाकुरांचा मान राखून म्हणतो: परकी सत्ता डोक्यावर असताना दुकानदाराचं नुकसान आणि देशाचं नुकसान यांतलं एक निवडावंच लागतं. मारहाणीचं समर्थन मी करणार नाही, तो सरळ गुन्हा आहे. पण ५२ सेकंद उभं राहायला सांगणं म्हणजे जबरदस्ती, हे मला पटत नाही. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर नागरिकाच्या पहिल्याच कर्तव्यात लिहिलाय.

कायदाकानू
दोघंही कायद्याजवळून जाताय, म्हणून नेमकं सांगते. ५१-क हे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलं. त्याच्या भंगाला त्या कलमात शिक्षा नाही. शिक्षा आहे १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यात. त्याचं कलम ३ म्हणतं: जाणूनबुजून राष्ट्रगीत म्हणण्यास अटकाव केला किंवा ते म्हणणाऱ्या जमावात गोंधळ घातला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गप्प बसून राहण्याचा उल्लेख त्यात नाही.

१९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला मुळातून वाचण्यासारखा आहे. केरळातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढलं. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं, कारण उभं राहण्यातच आदर होता आणि गायची सक्ती करणारा कायदा नव्हता. मात्र ती मुलं उभी होती, हे विसरून या निकालाच्या आधारे ‘बसून राहण्याचा हक्क’ सांगतात, तिथे चूक होते.

आणखी एक: केंद्राच्या राष्ट्रगीतविषयक सूचनांनुसार गीत वृत्तपटात किंवा माहितीपटात वाजलं तर प्रेक्षकांनी उठणं अपेक्षितच नाही.

सूतकताई
गीतावर एवढं बोलता, झेंड्याकडेही बघा. ध्वजसंहितेतल्या, म्हणजे ध्वज वापरण्याच्या नियमांतल्या, डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टरचा, यंत्रावर बनलेला ध्वजही चालू लागला. जुलै २०२२ पासून घरावर रात्रंदिवस ठेवता येतो. नांदेडला आणि हुबळीजवळ बेंगेरीला खादीचे ध्वज बनवणाऱ्यांच्या कामाशी त्याची थेट स्पर्धा आहे. स्वदेशीचा अभिमान सांगणाऱ्यांनी यावर बोलायला हवं होतं.

रात्रंदिवस फडकणारा ध्वज आधी मोकळ्या कडेला उसवतो. वाऱ्याचा सगळा फटका तिथेच बसतो. फाटका ध्वज लावणं ध्वजसंहितेला मंजूर नाही. तो कचऱ्यात टाकायचा नाही, पुसायला घ्यायचा नाही. अखंड ठेवून, खाजगीत, शक्यतो जाळून त्याचा मान राखत विसर्जन करायचं. कागदी झेंडेही जमिनीवर टाकायचे नाहीत.

भीमथडी
खादीच्या बाबतीत सूतकताईंशी पूर्ण सहमत. ऑगस्ट उलटल्यावर गच्चीवर विरलेला ध्वज दिसला, तर त्या घराचं दार वाजवून सांगणार की नाही? मी सांगेन. धागाकर्त्यांच्या हिशेबात तीही मान वळवणंच झालं.

सह्यकडा
दार मीही वाजवेन, आणि उतरवायला शिडी धरेन. त्याने नकार दिला तर मात्र परत फिरेन. तुम्ही?