'प्रश्न उद्भवत नाही' म्हणजे नक्की काय?

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नांची (म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) आरोग्य खात्याने दिलेली उत्तरं वाचत होतो. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची पदं रिक्त आहेत असा प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी मंत्र्यांचं उत्तर 'प्रश्न उद्भवत नाही'. डोकंच फिरलं. पेशंट ताटकळत बसलेत आणि यांना प्रश्नच दिसत नाही? की सरकारी मराठीत उद्भवणेचा अर्थ वेगळा आहे?

---

उद्भवणेचा अर्थ तोच, निर्माण होणं. घोटाळा 'प्रश्न' या शब्दात आहे. पाणीप्रश्न, सीमाप्रश्न म्हणतो तेव्हा प्रश्न म्हणजे समस्या, पण परीक्षेतला प्रश्न म्हणजे नुसती विचारणा. इथे हा दुसरा अर्थ घ्यायचा, म्हणजे कागदावर क्रमांक घातलेला प्रश्नाचा तेवढा एक भाग.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो बघा. (१) अमुक घडले हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली काय, (३) त्यानुसार कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय. आता कारवाई झालीच असेल तर (४) विचारायचं कारणच उरत नाही, म्हणून तिथे 'प्रश्न उद्भवत नाही'. म्हणजे कधीकधी ती चांगली बातमी असते!

पण (१) लाच 'हे खरे नाही' आलं की खालचं सगळं कोसळतं, आणि मला खरा राग याचा येतो. आमदार एकाच (१) मध्ये औषधं नाहीत, डॉक्टर नाहीत, रुग्णवाहिका बंद, अमुक तारखेपासून, असं सगळं कोंबतात आणि त्यातली एक तारीख चुकली तरी खात्याला 'खरे नाही' म्हणायला वाट मिळते, खरं तर तिथे 'अंशतः खरे आहे' यायला हवं. तारांकित असेल तर निदान सभागृहात मंत्र्यांना उलट उपप्रश्न विचारून पकडता येतं, अतारांकितला नुसतं लेखी उत्तर, तिथे विषय संपतो.

---

पैशाचे शब्द पण असेच जपून वाचा. 'तरतूद केली' म्हणजे अर्थसंकल्पात आकडा लिहिला, 'निधी वितरित केला' म्हणजे खात्याने तो खाली सोडला, आणि 'खर्च झाला' हे तिसरंच. ३१ मार्चपर्यंत न वापरलेलं अनुदान (मंजूर रक्कम) 'व्यपगत' होतं, म्हणजे बाद होतं. त्यामुळे तरतुदीचा मोठा आकडा ऐकून औषधं आली असं समजू नये, खर्च किती ते विचारावं.

---

मग पुरवणी मागण्या म्हणजे आमदारांनी मतदारसंघासाठी मागितलेलं ना?

---

नाही, उलट आहे. मागणी सरकारची असते, सभागृहाकडे. आधी मंजूर झालेला पैसा पुरत नाही किंवा नवा खर्च आलाय, तर सरकार परत मागतं (राज्यघटनेचं कलम २०५). आमदार त्यावर बोलतात, कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करा असा प्रस्ताव) देतात.

---

परत जाऊन बघितलं. मी वाचलेल्या त्या उत्तरात (१) 'अंशतः खरे आहे' आणि (३) ला 'पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे'. म्हणजे कारवाई झाली?

---

नाही हो. कारवाई कोणावर तरी होते, नोटीस, निलंबन वगैरे. कार्यवाही म्हणजे काम पुढे सरकवण्याची प्रक्रिया, फाईल, जाहिरात, मुलाखती यातलं काहीही. पदं भरली असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही, आणि काम अजून चालूच आहे तर विलंबाची कारणं हा प्रश्न तिथे नक्कीच उद्भवतो. तुमचा राग बरोबरच होता.