केसरबाईंच्या पोर्ट्रेटच्या १५० प्रती : खरंच गुंतवणूक?

फातर : काल इथे मानकुराद यांनी लिहिलं की गायिका केसरबाई केरकरांच्या नव्या पोर्ट्रेट-प्रिंटच्या फक्त १५० प्रती निघाल्यात, खाली चित्रकाराची सही आणि आकडा आहे, किंमत १८,००० आहे, पाच वर्षांत तिप्पट होईल, तेव्हा उशीर करू नका. हे वाचून गप्प बसवत नाही. ही कॅनव्हासवरच्या चित्राची स्कॅन करून इंकजेटवर काढलेली प्रत आहे. ‘जिक्ले’ हे इंकजेट प्रिंटचंच भारदस्त नाव, तसं म्हटल्याने यंत्र बदलत नाही. लिथोचा दगड, इचिंगची तांब्याची किंवा जस्ताची पट्टी, लिनो, या हाताने छापायच्या पद्धतींत चित्रकार त्या पृष्ठभागावरच घडवतो, शाई भरून एकेक प्रत ओढली जाते, आणि एडिशन, म्हणजे ठरलेल्या प्रतींचा संच, पुरी झाली की पट्टीवर ओरखडे मारून ती रद्द करण्याची रीत आहे. १२/५०, म्हणजे पन्नासातली बारावी प्रत, या आकड्याला वजन येतं ते त्यामुळे. इथे फाइल हार्ड डिस्कवर शाबूत आहे. १५१वी प्रत काढण्यापासून कोण अडवणार? लोक निवृत्तीचे पैसे घालतील, म्हणून एवढं लिहितोय.

मानकुराद : रविवर्म्याच्या छापखान्यातले ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप, घ्या. आकडा नाही, हाताची सही नाही, हजारोंनी छापले आणि देवघरांत लागले. आज संग्राहक त्यांच्यासाठी पैसे मोजतात. मग तुमची ओरखड्याची अट किंमत ठरवते कुठे? मोठी संग्रहालयं आता इंकजेट प्रिंटही घेतात. तुम्ही एका जुन्या कारागिरीला चिकटून बसलात.

फातर : ओलिओग्राफना भाव आला कारण घरोघरच्या प्रती धुराने, दमटपणाने, कसरीने गेल्या आणि थोड्या उरल्या. ती दुर्मीळता काळाने आणली. विक्रेत्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलेली दुर्मीळता वेगळी. आणि नुसत्या सहीवर विसंबू नका. १९७४ साली फ्रान्सच्या सीमेवर कस्टम्सवाल्यांनी चित्रकार साल्वादोर दालीने आधीच सह्या करून ठेवलेले कोरे कागद पकडले, जवळपास ४०,०००! चित्र त्यांवर नंतर छापायचं होतं.

खाजनकाठ : माझा अनुभव सांगतो. एका गॅलरीतून १०० प्रतींची एडिशन म्हणून पोर्ट्रेट घेतलं. दोन वर्षांनी तेच चित्र थोड्या मोठ्या आकारात, ‘नवी एडिशन’ म्हणून भिंतीवर. विचारलं तर म्हणाले, आकार वेगळा, म्हणून एडिशन वेगळी. वर माझ्या फ्रेमवाल्याने साधा पुठ्ठा मागे लावला होता. एक पावसाळा गेला आणि चित्रातल्या बाईच्या गालावर तपकिरी ठिपके आले. गोव्यात कागद विकत घेणाऱ्याने ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचं) माउंट, काच आणि कागद यांत मोकळी जागा, आणि बाहेरच्या भिंतीला फ्रेम न लावणं, एवढं पाळलंच पाहिजे. ते न सांगता तिपटीच्या गोष्टी करणं बेजबाबदारपणा आहे.

दिवज : सगळे किंमत काढताय, पण चेहरा कुणाचा ते बघा. ज्या बाईने आपलं गाणं ध्वनिमुद्रित करायला कायम नाखुशी दाखवली, तिच्या चेहऱ्याच्या १५० प्रती. आणि नेहमी केसरबाईच का? मोगूबाई कुर्डीकर केसरबाईंसारख्याच अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, त्यांनाही पद्मभूषण, किशोरीताई आमोणकरांच्या आई आणि गुरू. त्यांचं गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. त्यांचं पोर्ट्रेट कुणी का काढत नाही?

मानकुराद : केसरबाई निवडल्या गेल्या कारण जगाला त्या माहीत आहेत. नासाच्या व्हॉयेजर यानावर गेलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी त्यांची. १९७७ च्या ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ सुटलं आणि १६ ला बाई गेल्या. संग्राहकाला अशी ओळख लागते.

दिवज : म्हणजे अंतराळयानावर गेल्या म्हणून मोठ्या? माझी आजी मोगूबाईंच्या मैफलीविषयी बोलायची तेव्हा आवाज खाली यायचा तिचा. तिला यानाशी काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही आमच्या गायिकांना बाजारभावाने तोलताय, आणि मला ते अपमानास्पद वाटतं.

मानकुराद : बाय, मी कुणाचा अपमान केला नाही. केसरबाईंच्या गावी, केरीला, मी लहानपणापासून जातो. असलं बोलणं माझ्या तोंडी घालू नका.

खाजनकाठ : दोघींत लहान-मोठं ठरवायला धागा वेगळा काढा. मला तर दोघींच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या हव्यात. चित्रांपेक्षा त्या खऱ्या दुर्मीळ.

आल्तिनो : मी चित्रकार. पणजीतल्या आल्तिनोच्या आर्ट कॉलेजात शिकलो. फातरबाब, तुमचं छापाईविषयीचं सगळं बरोबर आहे, पण आमच्या पोटाकडे बघा. मूळ चित्र एकच विकलं जातं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये पुनर्विक्रीचा वाटा आहे खरा, किंमत १०,००० च्या वर गेली तर, पण त्यात चित्र, शिल्प, रेखाचित्र आणि हस्तलिखित यांच्या मूळ प्रतींचाच उल्लेख आहे. प्रिंट पुढे दामदुप्पट विकला तरी मला काही मिळत नाही. मग पहिल्याच वेळी १५० जणांकडून घेतलं तर काय चुकलं? मी आकडा पाळतो.

फातर : तुम्ही घ्याच. मेहनतीचे पैसे आहेत. माझा राग ‘तिप्पट होईल’ या वाक्यावर आहे. सांगा की ही चांगल्या चित्राची चांगल्या कागदावरची प्रत आहे आणि ती भिंतीवर लावा. त्या किमतीला मी हरकत घेणार नाही. आणि एपी, म्हणजे आकड्याबाहेरच्या चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती, किती काढले, दुसऱ्या आकारात काढणार का, शाई-कागद कोणता, हे पावतीवर लेखी द्या.

आल्तिनो : लेखी देणं मान्य. ‘प्रत’ हा शब्द मान्य नाही. रंग जुळवताना मी स्वतः यंत्रापाशी उभा राहून अनेक चाचण्या फेकून देतो.

मानकुराद : आज गॅलरीत विचारून आलो. १५० च्या वर नाही म्हणतात, पण दुसऱ्या आकारात काढणार नाही असं लिहून द्यायला तयार नाहीत. खाजनकाठ यांच्यासारखं होऊ नये म्हणून पैसे थांबवलेत. तेवढ्यापुरतं फातर यांचं मानलं. लिहून दिलं तर मात्र घेणार, आणि तिपटीचं माझं मत बदललेलं नाही.