प्रतिसाद: थायलंडमधल्या फुकेतची किंग्ज कप रेगाटा (शिडाच्या बोटींची शर्यत) किनाऱ्यावरून दिसते का?

दिसते की! पण काटा बीचवर खुर्ची टाकून बसलात तर क्षितिजावर पांढरे ठिपके मोजत बसाल. वर एकांनी 'बीचवरूनच बघा' म्हटलंय, ते सुरुवात बघण्यापुरतं ठीक. खरी मजा काटा नोईच्या पुढच्या चढावर, कारोन व्ह्यूपॉइंटला. तिथून काटा नोई, काटा आणि कारोन या तिन्ही खाड्या आणि समोरचं छोटं बेट एका नजरेत येतं. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर तो चढ जपून.

शर्यत डिसेंबरात असते, कारण तेव्हा ईशान्येचा वारा वाहतो. पश्चिम किनाऱ्यावर तो जमिनीकडून येतो, आपल्या मतलई वाऱ्यासारखा. त्यामुळे समुद्र सपाट, पण डोंगराआडून झोत अचानक येतात. मी बघत असताना एका बोटीचं फुग्यासारखं लाल शीड क्षणात धुतलेल्या साडीसारखं लोंबलं, आणि शेजारची बोट आडवी होत पुढे निघून गेली. वाऱ्याचा नुसता लहरीपणा!

नावातला 'किंग' म्हणजे थायलंडचे दिवंगत राजे भूमिबोल. त्यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त १९८७ साली ही सुरू झाली. राजे स्वतः पट्टीचे खलाशी होते. १९६७ च्या आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय स्पर्धेत त्यांनी आणि त्यांची मुलगी राजकन्या उबोलरतना यांनी शिडाच्या बोटींच्या शर्यतीत सुवर्णपदक विभागून घेतलं होतं.

हॉटेल मात्र आधीच बुक करा. आम्ही आळस केला आणि रोज पातोंगहून ये-जा करत टॅक्सीवाल्यांचं भलं केलं.